अर्ध्या फादरांची बायको

"परत ने! ही पिशवी उचल आणि जिथून आणलीस तिथं परत ने. त्याचे कपडे माझ्या दुकानात धुतले जाणार नाहीत!"

चर्चचा सेवक दुकानाच्या काउंटरपाशी पिशवी छातीशी धरून उभा होता आणि कधी मालकाकडे, कधी मालकिणीकडे बघत होता. बिचाऱ्याचा काय दोष? सासऱ्यांच्या काळापासून चर्चचे सगळे कपडे याच लाँड्रीत यायचे, वेदीवरच्या चादरी, मिस्साच्या उपासनेचे झगे, अगदी हात पुसायचे रुमालसुद्धा. नाताळाआधीचा चार रविवारांचा आगमनकाळ सुरू व्हायचा, की आदल्या शनिवारी जांभळे झगे यायचे आणि रविवारी सकाळी कडक इस्त्री होऊन परत जायचे. यंदा फक्त एकच गोष्ट वेगळी होती. झगे घालणारे फादर नवे होते, आणि ते नवे फादर म्हणजे लाँड्रीच्या मालकाचा सख्खा धाकटा भाऊ होता!

"अहो, कपड्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" मालकीण हळूच म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

नवरा आत निघून गेला. बॉयलरचं झाकण त्यानं एवढ्या जोरात आपटलं, की फळीवरच्या हँगरांची रांग थरथरली. तिनं सेवकाला डोळ्यांनीच खूण केली, दुकानाला वळसा घालून मागच्या दारी गेली आणि पिशवी आपल्या ताब्यात घेतली. तोंडाला कुलूप आणि हाताला काम, हीच तर तिची या घरातली जागा होती... ती जागा तिनं आजवर कधी रिकामी ठेवली नव्हती.

गल्लीत तिच्या नवऱ्याला सगळे 'अर्धे फादर' म्हणत. तोंडावर नाही, पण फार मागेही नाही. ऐन तरुणपणी तो फादर व्हायला सेमिनरीत गेला होता. बुद्धी तल्लख, आवाज गोड, प्रार्थनेला बसला की उठवावं लागायचं. दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले, दुकान उघडं पडलं, आणि थोरला म्हणून तो घरी परतला. "थोडे दिवस थांब, दादा," तेव्हा बोर्डिंगात राहून शाळा संपवत असलेला धाकटा म्हणाला होता, "मी हाताशी आलो की दुकान मी बघेन. तू परत जा. हे माझं वचन आहे!" ही हकीकत गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ होती, आणि तिचा शेवटही. धाकटा हाताशी आला आणि स्वतःच सेमिनरीत निघून गेला! थोरला मात्र वाफेत आणि साबणाच्या फेसात राहिला, त्यानं लग्न केलं, त्याला एक मुलगी झाली. मुलगी आता दुसऱ्या शहरात नर्स होती. आणि त्याचे केस आता पिकले होते.

आणि ते लग्न ज्या बाईशी झालं, ती ही!

तिला कुणी कधी विचारलं नव्हतं, की अर्ध्या फादरांची पूर्ण बायको होणं कसं असतं. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली तर निदान भांडता तरी येतं, तिच्या झिंज्या तरी उपटता येतात. पण जिची सवत साक्षात वेदी आहे, तिनं कुणाशी भांडायचं? एरवी वर्षभर तो चांगला वागायचा, हसायचा, मुलीला खांद्यावर घेऊन नाचला होता. पण आगमनकाळ आला, चर्चमध्ये पहिली मेणबत्ती लागली, की त्याच्या चेहऱ्यावर झाकण पडायचं. जेवताना बोलायचा नाही. खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघायचा. सगळं जग या दिवसांत येणाऱ्याची वाट बघतं आणि आपल्या घरात मात्र गेलेल्याचं सुतक चालतं, असं तिला वाटायचं, आणि मग ती रागारागानं हॉटेलच्या चादरी पिळायची.

'देवा,' ती मनात म्हणायची, 'तू वचनाचा पक्का, असं सगळे सांगतात. मला तू काही वचन दिलं होतंस का? की मी नुसतीच दुसऱ्याच्या मोडलेल्या वचनाची भरपाई?'

दुसऱ्या रविवारी ती सासूबाईंचा हात धरून मिस्साला गेली. नवरा भल्या पहाटे उठून लांबच्या इस्पितळातल्या प्रार्थनागृहात जाऊन आला होता. आजाऱ्यांबरोबर मिस्सा ऐकेन, पण भावाचा नाही! वेदीवर धाकटा दीर उभा होता. अंगावर तिनंच चोरून धुतलेला जांभळा झगा होता, आणि डाव्या खांद्यावरची घडी किंचित चुकलेली होती. प्रवचन त्यानं आनंदावर दिलं. देवाची वचनं सावकार नव्हेत की मुदत टळली की बुडाली, ती उशिरा येतात पण रिकाम्या हातानं येत नाहीत, म्हणून वाट बघतानाही आनंद करा... बाया डोळे पुसत होत्या. ती कोरड्या डोळ्यांनी खांद्याच्या घडीकडे बघत बसली. आनंद करा म्हणे! सांगायला काय जातं? वाफेचा चटका बसला की 'आनंद करा' म्हणून बघावं एकदा.

"सूनबाई, प्रवचन देणारा आपला थोरला ना?" सासूबाईंनी मोठ्यानं विचारलं. पुढच्या बाकावरच्या दोन माना वळल्या.

"धाकटा, आई."

"हो का..." म्हातारी पुटपुटली, आणि का कोण जाणे, तिचा सुरकुतलेला हात सुनेच्या हातात थंड पडला.

सासूबाईंची सकाळ बहुधा स्वच्छ असायची, दुपारनंतर मात्र सगळं गढूळ व्हायचं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कालचं आठवायचं नाही, पण जुनं सगळं लख्ख असायचं. आणि गेले काही दिवस त्यांनी एकच धोशा लावला होता. "मला पापनिवेदनाला ने. नाताळाच्या आधी मला मन मोकळं करायचंय. मी अशीच गेले तर?" सून रोज म्हणायची, "उद्या जाऊ, आई." पण उद्या हॉटेलच्या चादरी असायच्या, परवा कुणाच्या लग्नाचे कोट. त्या आठवड्यात गुरुवारी सकाळी तर ती वैतागून म्हणाली, "आई, तुम्ही नका जाऊ कुठं. फादरच येतील घरी तुमच्याकडे!"

 म्हातारीनं स्वच्छ लुगडं मागून घेतलं आणि दाराकडे तोंड करून बसली.

त्याच दिवशी मागच्या दारानं गुलाबी झगा आला होता. आगमनकाळाचा तिसरा रविवार आनंदाचा, त्या एका दिवशी जांभळा उतरतो आणि गुलाबी चढतो. वर्षातून एकदाच अंगाला लागणारा तो झगा जुना होता, नाजूक होता, आणि या लाँड्रीत त्याची एक रीत होती. मिस्साचा झगा हँगरवर इस्त्री करायचा नाही, तो जिवंत खांद्यावरच बसवायचा, असा सासऱ्यांचा दंडक. थोरला लहान असताना ते त्याला स्टुलावर उभं करायचे, त्याच्या अंगावर झगा चढवायचे आणि भोवती फिरून वाफेनं घड्या बसवायचे. तिथंच त्या पोराच्या डोक्यात फादर व्हायचं शिरलं, असं म्हणायचे सगळे. सेमिनरीतून परतल्यावर मात्र त्यानं पुन्हा कधी झगा अंगावर घेतला नाही. लग्न झाल्यावर स्टुलाची जागा बायकोनं घेतली. ती झगा घालून उभी राहायची, आणि तो न बोलता तिच्याभोवती फिरत इस्त्री करायचा. "बिशपांनी घातले नसतील इतके झगे मी घातलेत," ती मुलीला हसत सांगायची. हसता हसता तिला वाटायचं, आपल्या अंगावरच्या झग्यात हा आपल्याला बघतच नाही, स्वतःलाच बघतो...

यंदा तर तेही नाही. दुपारी नवरा हॉटेलवर चादरी पोचवायला गेला. तिनं मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं, केसांना पांढरं फडकं बांधलं, गुलाबी झगा अंगावर चढवला आणि भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहून हातातल्या वाफेच्या इस्त्रीनं स्वतःच स्वतःचे खांदे दाबू लागली. खोलीभर वाफ दाटली. उजव्या खांद्याला हात पोचेना. 'अगदी माझ्या नशिबासारखा!' ती त्राग्यानं पुटपुटली, तेवढ्यात मागं दार करकरलं.

"आलात, फादर?"

सासूबाई! दाराच्या चौकटीला धरून, स्वच्छ लुगड्यात, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्या वाफेतल्या गुलाबी पाठीकडे बघत उभ्या होत्या. तिला हसू फुटलं. 'अहो आई, मी आहे मी!' असं म्हणायला ती तोंड उघडणार, तोच म्हातारीनं स्टुलाचा आधार घेतला, कण्हत कण्हत गुडघे टेकले आणि क्रुसाची खूण केली.

"फादर, आशीर्वाद द्या. मी पाप केलंय. फार जुनं पाप आहे..."

 हातातली इस्त्री तशीच फुसफुसत राहिली.

"माझा थोरला सोन्यासारखा, फादर. कामाला हात असा, की लोक लांबून कपडे आणायचे. आणि धाकट्याच्या हातात काही नाही! पांढऱ्यात रंगीत टाकायचा, कॉलरी जाळायचा. माझा नवरा गेला, आणि मला भीती वाटली... थोरला परत गेला तर दुकान बुडेल, आम्ही रस्त्यावर येऊ. म्हणून मी घाईघाईनं मुलगी बघितली. गरीब घरची, कामाला वाघ, तोंड न वर करणारी. म्हटलं, संसाराची खुंटी पक्की केली की गाय कुठं जाते!"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती आरशात बघत होती, पण आरसा वाफेनं पांढरा झाला होता.

"आणि मग धाकटा आला, फादर! मागच्या दारानं, हातात बॅग घेऊन. म्हणाला, 'आई, मी दुकान बघायला आलोय, आता दादाला जाऊ दे.' माझ्या लेकरानं दिलेला शब्द पाळला होता, फादर! मीच त्याला दारातनं परत फिरवला. म्हटलं, 'तूच जा सेमिनरीत. देवाला एक मुलगा दिला म्हणजे झालं, कोणता दिला हे देव बघत बसत नाही.' आणि माझी शपथ घातली, दादाला यातलं अक्षर सांगायचं नाही म्हणून. तेव्हापासून थोरला त्याला वचनमोड्या समजतो, आणि तो बापडा मान खाली घालून सगळं सोसतो... माझ्यासाठी! आणि ती पोर, फादर... तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. माझं सगळं केलं. तिला मी कसं सांगू, की तुला सून म्हणून नाही, खुंटी म्हणून आणली?"

म्हातारी ओक्साबोक्शी रडत होती. आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता! खुंटी... इतकी वर्षं तिनं स्वतःला समजावलं होतं, की नवऱ्याचं मन नसेल, पण निदान या घराला तरी मी हवी होते. तोही आधार आज गेला. झगा ओरबाडून काढावा, 'बघा, ही तुमची खुंटी!' म्हणून ओरडावं, असं तिच्या तोंडापर्यंत आलं. पण खाली, तिच्या पायांपाशी, ज्या गुडघ्यांना ती रोज तेल चोळायची ते गुडघे फरशीवर टेकलेले होते.

"देव माफ करील ना, फादर?"

क्षमा द्यायचा अधिकार तिला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं नुसता हात पुढे केला आणि पांढऱ्या केसांवर ठेवला.

"देव माफ करतो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"आणि सून?"

तिनं हातातली इस्त्री खाली ठेवली.

"तिला... तिला थोडा वेळ लागेल."

"लागू दे," म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "मी थांबेन."

दुसऱ्याच सकाळी ती चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन दिरासमोर उभी राहिली. तो मेणबत्त्यांची खोकी फोडत होता. केस त्याचेही पिकले होते, पण वहिनीला बघून अजून शाळेतल्या पोरासारखा गडबडून उठायचा.

"भावजी, एकच विचारते. तुम्ही तेव्हा परत आला होतात ना? बॅग घेऊन, मागच्या दारानं?"

धाकट्याच्या हातातली मेणबत्ती टेबलावर घरंगळली. "वहिनी... कुणी सांगितलं?"

तिनं झग्याची सगळी हकीकत सांगितली. सासूबाईंनी फादर समजून गुडघे टेकले इथपर्यंत आल्यावर त्याच्या ओठांवर हसू उमटलं आणि त्याच हसण्यात त्याचे डोळे भरून आले.

"मी पाप केलं का? पापनिवेदन ऐकणं माझं काम नाही."

"ते पापनिवेदन नव्हतंच, वहिनी. एका बाईनं दुसरीजवळ मन हलकं केलं. पण आईचं नाव दादासमोर येऊ देऊ नका. मला त्यानं वाईट म्हटलं तरी चालेल, मला सवय आहे. आणि खरं सांगू? आईनं मला पाण्यात ढकललं खरं, पण पोहायला मी माझ्या मनानंच लागलो. मला इथं सुख आहे."

"वा!" ती उसळली, "आईंनी त्याग केला, तुम्ही त्याग केला, ह्यांनी तर काय, त्यागाचा डोंगरच उचलला! सगळ्यांनी मिळून त्याग त्याग खेळलात आणि त्या खेळात मला न विचारता उभं केलंत. एकालाही वाटलं नाही, की हिलाही जीव आहे, हिलाही कुणाला तरी हवं असावंसं वाटत असेल? आणि उद्या-परवा तुम्ही गुलाबी झगा घालून सांगणार, आनंद करा! कशाचा करू, ते तरी सांगा!"

त्यानं घरंगळलेली मेणबत्ती उचलून खोक्यात ठेवली.

"देव दिलेलं वचन पाळतो, याचा," शेवटी तो म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "पण तुमच्यासमोर उभं राहून हे बोलताना माझी जीभ अडखळते, वहिनी. आमचं चुकलं."

निदान एकानं तरी कबूल केलं! पण त्या कबुलीनं तिचं पोट भरलं नाही. ती घरी आली आणि चादरी पिळत बसली.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी व्हायचं तेच झालं. सोडा शोधायला म्हणून नवरा मागच्या खोलीत आला आणि खुंटाळ्यावर लटकलेला गुलाबी झगा त्याला दिसला.

"हा इथं कसा?" त्याचा चेहरा काळवंडला. "माझ्या पाठीमागे तू त्याचे कपडे धुतेस? माझ्याच घरात माझ्याशी बेइमानी?"

इतकी वर्षं कुलूप लावलेलं तोंड त्या एका शब्दानं उघडलं!

"बेइमानी? मी? तुमच्या घरात चादर पिळता पिळता मी स्वतः पिळून निघाले, आणि बेइमान मीच! दरवर्षी या दिवसांत तुम्ही तोंड पाडून बसता. माझ्या डोळ्यांसमोर, मुलीच्या डोळ्यांसमोर! कधी विचार केलात, आम्हाला काय वाटत असेल? तुम्ही ज्या आयुष्यासाठी रडता ना, त्यात मी नाही आणि तुमची लेकही नाही! आम्ही दोघी काय तुमच्या आयुष्यात झालेली चूक आहोत?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? आणि ज्या भावाला तुम्ही वचनमोड्या म्हणता, तो परत आला होता! दुकान सांभाळायला, बॅग घेऊन, मागच्या दारी आला होता! परिस्थितीच अशी होती, की त्याला फिरावं लागलं. कुणामुळे, ते विचारू नका."

तिला वाटलं, तो चवताळेल, खोटं म्हणेल. तो मात्र स्टुलावर खाली बसला. तेच स्टूल, ज्यावर तो लहानपणी उभा राहायचा.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"तो आला होता ते. आईनं त्याला फिरवला तेही. मला पहिल्यापासून माहीत आहे."

 ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मग इतकी वर्षं त्याच्याशी अबोला कशाचा? बोला ना! का?"

 अर्ध्या फादरांना मिस्साचं गाणं आजही तोंडपाठ होतं, आणि बायकोला सांगायला एक वाक्य सापडत नव्हतं! तिचा धीर सुटला. तिनं झगा खुंटाळ्यावरून काढला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि पिशवी त्याच्या मांडीवर आपटली.

"हे पोचवून या. मी चोरून पोचवणार नाही आता. आणि तुम्हाला जे माझ्यापाशी बोलता येत नाही, ते त्याला सांगा. आज पापनिवेदनाचा दिवस आहे. तो भाऊ आहे आणि फादरही आहे, दोन्हीपैकी कोणत्या तरी नात्यानं ऐकावंच लागेल त्याला!"

तो उठला. खरंच गेला. ती दार लावून चार पावलं मागं ठेवून निघाली, कारण दोघं भाऊ वेदीसमोर एकमेकांची गचांडी धरतील की काय, अशी तिला धास्ती होती. चर्चमध्ये पापनिवेदनाच्या लाकडी खोलीपुढे रांग होती. पिशवी हातात घेऊन तो रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली, तो आत गेला, पडदा पडला. ती शेवटच्या बाकावर बसून राहिली. रांगेतल्या बायका कुजबुजू लागल्या, "कोण गं आत? एवढी पापं!"  एकदा आतून कुणीतरी रडल्याचा आवाज आला, पण कोणता भाऊ रडला, ते तिला ओळखता आलं नाही. आवाज दोघांचे सारखेच होते.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. तिच्याकडे न बघता तो बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. ती जाऊन शेजारी उभी राहिली.

"काय प्रायश्चित्त दिलं?" तिनं तुटकपणे विचारलं.

"प्रार्थना नाही, उपास नाही. म्हणाला, बाहेर जा आणि वहिनीला सगळं खरं सांग." त्यानं श्वास घेतला. "त्या दिवशी तो मागच्या दारी आला, तेव्हा मी वाफेच्या खोलीतच होतो. सगळं ऐकलं. नुसती हाक मारायची होती गं, 'थांब!' म्हणून. त्यानं दुकान घेतलं असतं आणि मी परत गेलो असतो. सेमिनरीत माझी जागा ठेवलेली होती. पण मी हाक मारली नाही."

"का?"

"मी तुला बघून आलो होतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मला? तुम्ही तर मान वर केली नाहीत त्या दिवशी! पूर्ण वेळ फरशीकडे बघत होतात!"

"मान खाली होती, पण कान होते ना! तू चहा ठेवलास आणि हळूच म्हणालीस, 'लाँड्रीचं दुकान ना तुमचं? मग शर्टाची बटणं वरखाली का?' सगळे बोलत होते, कुणाला ऐकू गेलं नाही. मी घरी आलो, पण रात्रीपर्यंत ती बटणं नीट केली नाहीत." त्याचा आवाज फाटला. "देवाला दिलेला शब्द मी मोडला, स्वतःच्या मनानं मोडला, आणि दोष त्याच्या डोक्यावर राहू दिला. आईच्या शपथेखाली तो गप्प, आणि त्याच्या गप्प बसण्याआड मी लपलेलो! त्याला तोंड दाखवायची लाज, म्हणून हे रागाचं सोंग. त्याच्या हातून ख्रिस्तशरीराची भाकर कोणत्या तोंडानं घेऊ? आणि दरवर्षी हे दिवस आले, की वाटायचं, मी तुला देवाकडून चोरून आणलं. चोरीच्या वस्तूचा आनंद उघड कसा करायचा?"

पायऱ्यांवरून लोक वरखाली जात होते. तिला काहीच दिसत नव्हतं. हवी होते... मी हवी होते! वेदीहून जास्त नसेन, पण वेदी असतानाही! ज्या गोष्टीसाठी तिनं देवाशी इतकी वर्षं भांडण केलं, ती गोष्ट लग्नाच्याही आधीपासून तिच्या घरात, तिच्या शेजारी, तिच्या ताटाला ताट लावून बसलेली होती, आणि या माणसानं ती तिला सांगितली नव्हती! आनंदाचा एवढा मोठा लोंढा छातीत आला, की तो रागासारखाच वाटला. तिनं दोन्ही हातांनी त्याच्या दंडावर धपाधप मारायला सुरुवात केली.

"तोंड शिवलं होतं का तुमचं? इतकी वर्षं! मी खुंटी... मी भरपाई... मी रात्र-रात्र... आणि तुम्ही बटणं घेऊन बसलात!"

"मार," तो म्हणाला. "अजून मार."

"हात दुखतो माझा!" ती हुंदके देत ओरडली, आणि मग त्याच दंडावर डोकं टेकून रडली. जाता-येता बायका थबकल्या. एकजण दुसरीला म्हणाली, "अर्ध्या फादरांना बायको मारतेय!" आणि दुसरी म्हणाली, "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी, आनंदाच्या रविवारी, नवरा, ती आणि सासूबाई तिघं मिळून मिस्साला गेली. गुलाबी झगा उजव्या खांद्यावर जरा चुरगळलेलाच होता. काल तो पिशवीत आपटला गेला होता. धाकट्यानं प्रवचन आखूड केलं. देवानं पाठवलेलं माणूस कधीकधी आपल्या दारात येऊन कितीतरी दिवस उभं असतं आणि आपण मात्र लांब रस्त्याकडे डोळे लावून बसतो, एवढंच तो म्हणाला आणि थांबला.

ख्रिस्तशरीर घ्यायला रांग लागली. पुढे तिचा नवरा होता, मागे ती, तिच्या हाताला धरून सासूबाई. एकेक माणूस पुढे सरकत होतं. थोरला धाकट्यासमोर जाऊन उभा राहिला. धाकट्यानं पांढरी भाकर उचलली, भावाच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याला पुढचे शब्दच बोलता येईनात. हात हवेत तसाच, आणि झग्याच्या बाहीवर टपटप पाणी पडतंय! रांग थांबली. बाकांवर कुजबुज सुरू झाली.

"बोला, फादर," थोरला हळूच म्हणाला. आजवर त्यानं धाकट्याला कधी फादर म्हटलं नव्हतं.

"ख्रिस्ताचं शरीर... दादा."

"आमेन."

"सूनबाई," सासूबाईंनी नेहमीसारख्या मोठ्या आवाजात विचारलं, "रांग का थांबली गं?"

"तुमची दोन्ही मुलं भेटताहेत, आई."

सासूबाईंनी धुरकट डोळ्यांनी पुढे बघितलं. त्यांना काय दिसलं, काय समजलं, देव जाणे. सकाळ होती, कदाचित सगळंच समजलं असेल. त्यांनी एकदम घाबरून सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं. अपराधी पोर मारणाऱ्याच्या हाताकडे बघतं, तसं.

राग अजून पुरता गेला नव्हता. तो जायला नाताळ लागेल, कदाचित पुढचा नाताळही. पण सुनेनं त्यांच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला, त्यांचा थंड हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "चला आई, आपली पाळी आली."